संधिवात आणि हिरड्यांतून रक्त: ब्रश कसा धरायचा, स्केलिंग करावं का?

सिडकोकर
आईला (वय ५८) १२ वर्षांपासून संधिवात (रुमेटॉइड), त्याची रक्ततपासणी अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह. संधिवाताची गोळी मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड, आणि दुखलं की वेदनाशामक. नाशिकच्या थंडीत सकाळी मूठ वळत नाही. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडून बोटाने मशेरी लावते. शेजारच्या काकू म्हणतात स्केलिंगने (दातांवरचा कडक थर खरवडून काढल्याने) दात हलतात. करावं का? गोळ्या थांबवायच्या का?

हिरडीवाला
आधी मशेरी बंद. तो भाजलेला तंबाखूच. जिथे घासतात तिथली हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात. कर्करोगाचा धोका वेगळाच. रक्त येतं म्हणून ब्रश टाळला तर थर साचून रक्त वाढतं.

काकूंना दिसतं ते खोटं नाही, अर्थ उलटा लावलाय. हाड आधीच झिजलेलं असतं आणि टार्टर (तो कडक थर) दातांना जखडून धरतो. तो निघाला की हलणं जाणवतं.

संधिवाताशी नातंही आहे. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा हिरड्यांतला जंतू प्रथिनांमध्ये बदल करून सिट्रुलिन (एक अमिनो आम्ल) तयार करणारं एन्झाइम बाळगतो, आणि अँटी-सीसीपी ही अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं. म्हणून हिरड्या बऱ्या झाल्या की सांधे बरे होतील असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

डॉक्टरांनी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी दात-हिरडीमधल्या फटीची खोली मोजायला हवी. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त आणि रक्त येत असेल तर वरवरचं स्केलिंग पुरत नाही, भूल देऊन मुळांची सफाई लागते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

मूठभर
हाताचं बघू. ब्रशचा दांडा जाड करा: एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम एसी दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. दहा सेंटिमीटरचा तुकडा दांड्यावर घट्ट बसवा, रोज काढून वाळवा, नाहीतर आत बुरशी धरते. सायकलच्या हँडलची ग्रिपही चालते. बॅटरीवरचा ब्रश चांगला, पण दुकानात हातात धरून बघा. मनगट कमजोर असेल तर वजन झेपत नाही. ट्यूब पिळू नका, ओट्यावर ठेवून तळहाताने दाबा.

मुख्य सफाई रात्री ठेवा, तेव्हा बोटं मोकळी असतात. सकाळी कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडवून मगच ब्रश. फ्लॉस जमणार नाही. फटींसाठी लांब दांड्याचा इंटरडेंटल ब्रश घ्या. जोर लावून घुसवावा लागला तर माप मोठं आहे.

गोळीबार
मेथोट्रेक्सेट स्केलिंगसाठी सहसा थांबवत नाहीत. स्वतःहून तर नाहीच. दात काढायचा असेल तर आधी रक्ततपासणी (पांढऱ्या पेशी, प्लेटलेट) आणि संधिवाताच्या डॉक्टरांचा होकार.

दंतवैद्याला औषधांची चिठ्ठी दाखवाच. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक मेथोट्रेक्सेटबरोबर नको, अस्थिमज्जा दबते (रक्तपेशी कमी बनतात). अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकने मेथोट्रेक्सेट शरीरातून उशिरा बाहेर पडू शकतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. आणि रोजच्या वेदनाशामकावर दंतवैद्याचं दुसरं वेदनाशामक चढवू नका.

तोंडभर अचानक फोड आले, ताप आला तर ‘उष्णता वाढली’ म्हणून घरी बसू नका. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तरी असंच होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सिडकोकर
धन्यवाद. तोंडही कोरडं पडतं, रात्री दोनदा पाण्याला उठते. लिंबू चोखलं तर चालेल?

हिरडीवाला
लिंबू नको. लाळ कमी असताना आम्लाने दात झिजतात. बिनसाखरेचं च्युइंगगम, घोट-घोट पाणी, आणि किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट; ब्रशनंतर नुसतं थुंकायचं, खळखळून धुवायचं नाही. डोळेही चुरचुरत असतील तर शोग्रेनची (तोंड-डोळे कोरडे पाडणारा आजार) तपासणी विचारा.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको, दात काळपट पडतात. पेस्टनंतर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर त्याचा असर मारला जातो.

अपॉइंटमेंट दुपारची घ्या. जबड्याचा सांधा दुखत असेल तर दर दहा मिनिटांनी तोंड मिटायला सांगा. आणि मान: इतक्या वर्षांच्या संधिवातात वरचे मणके सैल असू शकतात, तेव्हा खुर्ची पूर्ण आडवी करून डोकं मागे लटकवू देऊ नका. मानेखाली छोटी उशी घरूनच न्या.