दिवाळीसाठी बालवाडीचं कागदकाम सुचवा (ताईंनी नव्हे, मुलांनी करायचं)

नमस्कार मंडळी,

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी छोटीशी बालवाडी चालवते. सोळा मुलं, वय अडीच ते साडेचार. मी आणि मदतीला एक मावशी. दिवाळीच्या सुट्टीला पंधरा दिवस उरलेत आणि कागदकामासाठी कल्पना हव्या आहेत. व्हिडिओंच्या लिंका मात्र नकोत. व्हिडिओ बघूनच गेल्या वर्षी फजिती झाली.

ठरवला होता पट्ट्यांचा कंदील. आयताकृती कागद, मधोमध घडी, घडीच्या बाजूने काप, उलगडून गुंडाळायचा, खाली झिरमिळ्या. आपण सगळ्यांनी शाळेत केलेला. पहिल्याच पठ्ठ्याने कात्री घडीपासून थेट दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि दोन तुकडे मोठ्या अभिमानाने माझ्या हातात ठेवले. दुसरीने कागद सोडून स्वतःच्या फ्रॉकची झालर कापली. मग मी म्हटलं, "तुम्ही बसा हं, ताई करून दाखवते." तिथेच गाडी रुळावरून घसरली. रात्री एक वाजेपर्यंत मी आणि नवऱ्याने मिळून सोळा कंदील केले. पालक खूश. एका आईने लेकाला कौतुकाने विचारलं, "हा तू केलास?" तो म्हणाला, "नाही, ताईंच्या काकांनी." खरं बोलला बिचारा.

यंदा असं काहीतरी हवंय, ज्यात माझा हात कमीत कमी लागेल. मुलं एका जागी दहा-बारा मिनिटं बसतात, त्यापुढे देवाची कृपा. टाचण्या, स्टेपलर नको. चमकी तर मुळीच नको, गेल्या दिवाळीची चमकी सतरंजीतून होळीपर्यंत निघत होती. दोन मुलं अजून हाताला लागेल ते तोंडात घालतात. घरात घोटीव कागद, पतंगाचा कागद, क्रेप, रद्दी आणि खोकी आहेत. प्रत्येकाला घरी न्यायला काहीतरी हवंच, नाहीतर पालक विचारतात.

– कात्रीने पोळलेली ताई

---

जुनी बालवाडी: ताई, कात्री कपाटात ठेवा. या वयाचं पहिलं काम फाडणं, मग चुरगाळणं, मग चिकटवणं. कात्री येते त्यानंतर, आणि तीसुद्धा बोटभर रुंद पट्टीला नुसते टचाटच काप देण्यापुरती. घडीवरून कापत जाऊन कडेच्या आधी थांबायचं हे मोठ्या शिशुवर्गालाही जड जातं. तुमच्या मुलांचं काही चुकलं नाही.

एक गंमत करून बघा. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. हे मुलांना सांगायचं नाही, त्यांना सापडू द्यायचं. माझ्या वर्गात अर्धा तास नुसतं फाडकाम चालायचं, कुणी जागचं हलायचं नाही. फक्त नंतर हात धुवायला लावा, शाईचे हात डब्यात जातात.

घरी न्यायला पणती. कागदी द्रोण घ्या, बाहेरून घोटीव कागदाचे फाडलेले तुकडे चिकटवायचे, काठाला पिवळ्या-नारिंगी तुकड्याची ज्योत. संपलं. ज्योत कुणाची उलटी, कुणाची आडवी. तशीच राहू द्या, रात्री बसून सरळ करू नका! आणि खरा दिवा त्यात लावायचा नाही हे पालकांना बजावून सांगा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं, तेव्हा पानं, बिया, माती, आजूबाजूला असेल ते साहित्य. आपल्याकडे रद्दी तरी आहे.

गिरगावचे आजोबा: डिंक-बिंक विकत आणू नका. खळ करा. १ वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, एकूण ४ वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. आम्ही चाळीत बांबूच्या कामट्यांचा कंदील करायचो तेव्हा पातेलंभर खळ लागायची. चिमूटभर मोरचूद टाकलं की झुरळं कागद खात नाहीत.

जुनी बालवाडी: आजोबा, बाकी सगळं सोळा आणे खरं, पण मोरचूद नको! विषारी असतं ते. इथे दोन मुलं तोंडात घालणारी आहेत, ती खळही चाटणार. रोज ताजी खळ करावी, उरली तर टाकून द्यावी.

गिरगावचे आजोबा: बरोबर. माघार. आमच्या वेळी आम्हीही चाटायचो, पण ते सांगण्यासारखं नाही.

ऱ्हाइनकाठची आई: मी जर्मनीत असते. इथे ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस असतो. बालवाडीतली पोरं संध्याकाळी कागदी कंदील काठीला अडकवून गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. माझ्या लेकीचा पहिला कंदील फुग्यावरचा होता. फुगा फुगवून वाडग्यावर ठेवायचा म्हणजे गडगडत नाही. त्यावर पातळ पारदर्शक कागदाचे तुकडे थरावर थर चिकटवायचे, वाळला की फुगा काढून टाकायचा. तुमच्याकडे त्या जागी पतंगाचा कागद आणि आजोबांची खळ चालेल. आत बॅटरीचा छोटा दिवा लावला की जिथे दोन रंग एकमेकांवर आलेत तिथे तिसराच उजळतो. आणि यात वाकडं चिकटलं तर वाईट दिसत नाही, उलट तेच छान दिसतं.

तीन मुलांत एक फुगा. तीन-चार थर तरी द्या, पण एका बैठकीत नको. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र लगेच उचला, लहान मुलांच्या घशात अडकतात.

शेजारचा बाबा: सूचना नाही, पालक म्हणून एक कबुली. आम्हाला 'सुंदर' वस्तू हवी असते कारण ती स्टेटसला जाते. वस्तूचा नको, मूल ती करतानाचा फोटो पाठवा. चिकट हात, बाहेर आलेली जीभ. मी तरी तोच लावीन.

---

धागाकर्ती ताई: सगळ्यांचे आभार. आठवडाभरातला अहवाल.

फाडकाम तुफान चाललं. सरळ पट्टीचं गुपित एका साडेतीन वर्षांच्या मुलीने शोधलं आणि मग ती इतरांना "असं नाही, अस्सं" करत शिकवत फिरली. उरलेल्या ढिगाचे गोळे चुरगाळून खोक्यात रचले, वर खाकी कागद खळीने चिकटवला, झाला किल्ला! हे आधी ठरलेलं नव्हतं. तटावर ओला कापूस ठेवून अळीव पेरलेत. राखणीला माणूस नेमावा लागलाय, कारण दर पाच मिनिटांनी कुणीतरी "उगवलं का" म्हणून उकरतं.

चूक एकच झाली, क्रेप कागद वापरला. ओल्या खळीने त्याचा रंग सुटतो. सोळा जणांचे हात गुलाबी, मावशींची साडी गुलाबी, माझी भिंत गुलाबी. पुढच्यांनी हे वाचून शहाणं व्हावं.

आता तातडीचा प्रश्न. फुग्याचे कंदील करून आज तिसरा दिवस. परतीचा पाऊस आहे, हवा दमट. वरून कोरडे वाटतात, आत कळत नाही. फोडू का?

ऱ्हाइनकाठची आई: टिचकी मारा. मऊ, बद्द आवाज आला तर थांबा, कडक टकटक आली तर तयार. टाचणीने फाडकन फोडू नका, कागद आत ओढला जाऊन चेपतो. गाठीजवळ कात्रीने बारीक छेद द्या, हवा हळूहळू जाऊ दे. फुगा कागदापासून आपोआप सुटत येतो, त्याचा चरचर आवाज येतो. तो ऐकायला मुलांना जवळ बोलवा.

धागाकर्ती ताई: आज केलं. सहातले पाच शाबूत निघाले. सहावा एका बाजूने बसला. मी तो गुपचूप बाजूला ठेवत होते तेवढ्यात दोघांनी पाहिलं. "ताई, हे कासव आहे ना?" आता पाच कंदील दारात आणि कासव किल्ल्याच्या पायथ्याशी. अळीव उगवले की कासव ते खाणार, असं ठरलंय.