मदत हवी आहे: दोन शहरांतली मालवाहतूक एकाच मापात कशी मोजायची?

नमस्कार मंडळी,

मास्टर्सच्या प्रबंधासाठी पॅरिस आणि बर्लिनमधल्या मालवाहतुकीची तुलना करतेय. वाटलं होतं, युरोस्टॅटवरून (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) दोन तक्ते उतरवून घेतले की झालं. तिथंच फसले. तिथली रस्ते-मालवाहतूक टन आणि टन-किलोमीटरमध्ये (टन गुणिले अंतर) आहे, आणि युरोपीय संघाच्या ७०/२०१२ या नियमानुसार साडेतीन टनांहून कमी माल नेण्याची क्षमता असलेल्या गाड्या वगळायची देशांना मुभा आहे. म्हणजे गल्लोगल्ली पार्सलं टाकणाऱ्या व्हॅन, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच गायब!

मग देशोदेशीची सर्वेक्षणं उघडली. फ्रान्सवाले दुकानापासून सुरुवात करतात. दुकान, ऑफिस, कारखान्याला विचारायचं, आठवड्यात माल किती वेळा आला, किती वेळा गेला. १९९०च्या दशकात बोर्दो, दिजाँ, मार्सेय या शहरांत हे झालं, २०१० नंतर पॅरिस परिसरात. जर्मनीचं 'केआयडी' हे वाहन-वाहतुकीचं सर्वेक्षण (२००२ आणि २०१०) मात्र गाडीला धरून चालतं. गाडीवाल्यानं एका दिवसाच्या फेऱ्या लिहून द्यायच्या. त्यात नळ दुरुस्तीला निघालेला प्लंबरही येतो. एकीकडे मालाची उचल आणि पोच, दुसरीकडे गाडीची फेरी. फेरीमागे सरासरी थांबे धरून एकातून दुसरं काढता येईल का? की मुळात शहरंच बदलू? गाईड म्हणतात, "तूच ठरव."

प्रतिसाद:

सरासरी थांब्यांनी गुणू नका. पार्सलची व्हॅन दिवसात कितीतरी दारं करते, सिमेंटचा ट्रक एकाच साइटवर रिकामा होतो. दोघांची सरासरी कुणाचीच नसते.

केआयडीत प्रत्येक फेरीचा हेतू नोंदलेला आहे. 'माल आणणे-पोचवणे' एवढ्याच घ्या, प्लंबर आपोआप गळेल. मग दोन्ही शहरांत व्यवसायाच्या प्रकारानुसार दर नोकरीमागे उचल-पोचीचा आकडा काढा. फ्रेंच सर्वेक्षणांत तो ढोबळमानाने नोकरीमागे आठवड्याला एक उचल किंवा पोच असा येतो, म्हणजे तुमचा हिशेब किती भरकटलाय ते लगेच कळेल. फक्त केआयडीचा नमुना देशभरासाठी आहे. बर्लिनपुरता कापलात तर विरळ होईल. मी जर्मनीतली मोठी शहरं एकत्र धरली असती.

आणि घरपोच पार्सलं वेगळीच ठेवा. दुकानदाराला विचारून ती सापडत नाहीत, शिवाय २०१० मधला त्यांचा आकडा आज निरुपयोगी आहे.