मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हे विचारावं का?

मठ्ठा_जिलेबी (धागाकर्ती):
मामेबहीण मेकॅनिकल डिप्लोमा, तीन वर्षं क्वालिटीत. परवा चाकणला मुलाखत होती. पीपॅप (नवा पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), कंट्रोल चार्ट, गेजची कॅलिब्रेशन, सगळं नीट झालं. एक रिजेक्ट पार्ट हातात देऊन ‘दोष सांग’ म्हणाले, तोही तिने ओळखला. उठता उठता प्लँट हेड म्हणाले, “घरी बघतायत का? लग्नानंतर पुण्यातच ना?” ती “अजून काही नाही” म्हणून निघाली. आता मला विचारतेय, पुढच्या वेळी काय बोलायचं?

उमेदवाराने कसं वागावं याचे सल्ले पोत्याने मिळतात. इस्त्रीचा शर्ट, दहा मिनिटं आधी पोहोचा, झेरॉक्सचे दोन सेट. टेबलापलीकडच्यांना कोणी काही शिकवत नाही. माझ्या मते हा प्रश्न विचारूच नये. पटत नसेल तर कारणासकट लिहा.

भोसरीचा_लेथवाला:
मी विचारतो. पस्तीस माणसांचं युनिट आहे. पगार २१,००० च्या वर गेला की माणूस ईएसआयसीतून, म्हणजे सरकारी कामगार विम्यातून बाहेर, मग बाळंतपणाच्या रजेचा पगार माझ्या खिशातून. २०१७ पासून ती रजा २६ आठवड्यांची. वर बदली माणूस शोधा, त्याला शिकवा. सीएमएम (पार्टची मापं तपासायचं मशीन) चालवणारे माझ्याकडे दोनच. रजा मिळावी, माझी ना नाही. पण सरकारने वाहवा घेतली आणि बिल माझ्या नावावर फाडलं. मग मी आधी अंदाज घेतला तर लगेच असभ्य?

दुपारपाळी:
बिलाचं दुखणं खरं आहे, मान्य. पण ऑफर लेटर घेऊन जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करणारी पोरं तुम्हाला भेटलीच असतील. शिकवून तयार केला आणि सहा महिन्यांत पाच हजार जास्त मिळतात म्हणून समोरच्या गल्लीत गेला, असेही असतील. म्हणून पोरांना घेणं बंद केलंत का? त्यांच्या बाबतीत ‘धंद्यात चालायचंच’, आणि आमच्या बाबतीत होण्याआधीच हिशोब. माझ्या नवऱ्याला मुलाखतीत लग्नाचं विचारलं होतं. ‘झालंय’ म्हटल्यावर “वा, म्हणजे सेटल आहात” म्हणाले! त्याच उत्तरावर माझी फाइल खाली जाते.

नानासाहेब_निवृत्त:
इतकं ताणू नये. ‘गाव कुठलं, वडील काय करतात, लग्न झालं का’ ही आपल्याकडची बोलायची रीत आहे. समोरचं पोरगं घाबरलेलं असतं, जरा मोकळं होतं. मी तीस वर्षं पर्सोनेलला होतो, असंच बोलायचो. आता आपुलकीलाही परवानगी काढायची का?

दुपारपाळी:
नाना, गावावरून आडनाव, आडनावावरून पुढचं सगळं काढणारेही आपुलकीनेच विचारतात. मोकळं करायचं तर चहा सांगा, प्रवास कसा झाला विचारा.

श्टुटगार्टचा_सदू:
इकडे जर्मनीत गरोदरपणाबद्दल विचारणं चालतच नाही. विचारलं आणि बाईने खोटं सांगितलं, तरी त्यावरून नंतर नोकरीवरून काढता येत नाही. कामगार न्यायालयांनीच हा हक्क मानलाय. गंमत म्हणजे बायोडेटावर फोटो आणि विवाहित-अविवाहित लिहायची जुनी सवय इथेही लोकांची पुरती सुटलेली नाही.

कलम_बहाद्दर:
आपल्याकडे हा प्रश्न विचारण्यावर सरळ बंदी नाही. भरतीत बाई म्हणून डावलायला मात्र १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे, २०१९ च्या वेतन संहितेतही ती तरतूद आली. परराष्ट्र सेवेत तर बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची असा नियम होता. त्याच सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात १९७९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून सरकारला चांगलंच झापलं. अडचण पुराव्याची. ‘कळवतो’ म्हणून न कळवणाऱ्याविरुद्ध सिद्ध काय करणार?

मठ्ठा_जिलेबी:
म्हणजे कोर्टाचा रस्ता लांबचा. बहिणीला मी असं सांगितलंय: “सर, तीन वर्षं एकाच कंपनीत आहे. शिफ्टची अडचण नाही. किती वर्षं थांबण्याची अपेक्षा आहे ते सांगा, त्यावर बोलू.” आवाज न चढवता. कसं वाटतं?

भोसरीचा_लेथवाला:
उत्तर झकास. अशी मुलगी मी घेईन. तरी माझा प्रश्न राहतोच, ‘थांबेन’ म्हणायला कोणाचं काय जातं?

दुपारपाळी:
काहीच जात नाही. मुलांचंही जात नाही. म्हणून ‘दुसरी पाळी जमेल का, दोन वर्षं टिकणार का’ हे दोघांनाही विचारा, आणि खोटं बोलण्याचा धोका दोघांकडून सारखाच घ्या. रजेच्या पगाराचं भांडण सरकारशी आहे, ते मुलाखतीला आलेल्या पोरीशी कशाला? तुमच्या असोसिएशनने कधी मागणी केली का, की तो पगार वाटून घ्या?

भोसरीचा_लेथवाला:
२०१८ मध्ये कामगार मंत्रालयानेच सात आठवड्यांचा पगार मालकाला परत द्यायची योजना मांडली होती. पेपरात मोठी बातमी आली, आम्ही कात्रण काढून नोटीस बोर्डावर लावलं. पैसे काही आले नाहीत. तोवर मी विचारणार.

नानासाहेब_निवृत्त:
आणि मी गाव विचारणार.

दुपारपाळी:
विचारा नाना, तुम्ही निवृत्त आहात.