रिसेप्शनच्या वर्गातील ‘फॉरेस्ट स्कूल’मधून मुले नेमके काय शिकतात?

लीड्सची_आई

नमस्कार. आमची मुलगी सप्टेंबरपासून येथे इंग्लंडमधील प्राथमिक शाळेच्या रिसेप्शन वर्गात, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या पहिल्या वर्गात जाते. दर आठवड्याला एक दुपार तिची शाळा या मुलांना जवळच्या झाडीत नेते; यालाच ‘फॉरेस्ट स्कूल’ म्हणतात. पाऊस असला तरी मुले जातात, काठ्यांचे खोपटे उभारतात, चिखलाचा स्वयंपाक मांडतात, ओंडक्यांवरून चालतात आणि शेवटी शेकोटीभोवती बसून गोष्ट ऐकतात. मुलगी त्या दिवसाची वाट पाहत असते, त्यामुळे ती तेथे सुखात आहे याविषयी मला शंका नाही. परंतु वर्गातील काही मुले छोटी पुस्तके वाचू लागली आहेत आणि ती अजून अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द वाचताना अडखळते. अशा वेळी आठवड्यातील एक पूर्ण दुपार झाडीत जाते, हे पुण्याच्या आजी-आजोबांना पटत नाही आणि मलाही त्यांना नीट उत्तर देता येत नाही. शाळेच्या पत्रकात आत्मविश्वास आणि चिकाटी हे शब्द आहेत, पण काठ्या गोळा करण्यातून शिकणे कसे घडते हे त्यातून उलगडत नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया समजावून सांगावे.

रानवाट

ताई, मी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात लहान मुलांबरोबर हेच काम करते, म्हणून जे रोज पाहते त्यापासून सुरुवात करते. दोन मुलांना एक लांब फांदी खोपट्यापर्यंत न्यायची असते. एकाला ती उचलत नाही, म्हणून तो दुसऱ्याला बोलावतो. दोघे एकाच टोकाला धरतात, फांदी हलत नाही; मग एक जण दुसऱ्या टोकाला जातो. वाटेत झाड आडवे येते तेव्हा “तू थांब, मी वळतो” असे सांगावे लागते. खोपट्याशी पोहोचल्यावर फांदी लांब पडते आणि त्याहून आखूड फांदीचा शोध सुरू होतो. लांबी, वजन, तोल, दिशा, दुसऱ्याला समजेल अशी सूचना आणि फसलेला बेत बदलणे, हे सारे या एका कामात येते. विशेष म्हणजे ते मुलाच्या स्वतःच्या गरजेतून येते. वर्गातील बहुतेक साहित्याचा उपयोग आधीच ठरलेला असतो, तर काठीचा उपयोग मुलालाच ठरवावा लागतो, आणि तो ठरवताना त्याला बोलावे लागते.

लेखनाचाही येथे थेट संबंध आहे. पेन्सिल स्थिर धरण्यासाठी बोटांच्या आधी खांदा, दंड आणि पाठ यांना बळ लागते. चढणे, ओढणे, खणणे यांतून ते मिळते. त्यानंतर बारीक काम येते. एल्डर नावाच्या झाडाच्या वाळलेल्या डहाळीचा छोटा तुकडा घेऊन त्याचा मऊ गाभा तारेने ढकलून काढायचा आणि मणी करायचा, किंवा भाज्या सोलायच्या पीलरने हेझल या झाडाच्या काठीची साल काढायची, यात चार वर्षांचे मूल बराच वेळ मान वर न करता गुंतलेले मी नेहमी पाहते.

मात्र एक अट आहे. ब्रिजवॉटर कॉलेजच्या बालशिक्षण विभागातील मंडळी 1993 मध्ये डेन्मार्कला गेली आणि तेथे पाहिलेली पद्धत त्यांनी सॉमरसेटमध्ये सुरू केली. तेव्हापासून या कामात धरलेला आग्रह असा की मुलांनी त्याच जागी, नियमितपणे, दीर्घकाळ जावे. पहिल्या काही भेटींत मुले नुसती धावतात किंवा मोठ्यांना बिलगून राहतात. ओळख झाल्यावरच मागच्या वेळी पाहिलेली अळिंबी आता कुठे गेली, डबक्याचे पाणी का आटले, असे प्रश्न येऊ लागतात. वर्षातून एकदा काढलेल्या सहलीतून हे होत नाही. आणि मोठ्यांनी थांबायला शिकावे लागते. मूल गाठ मारताना धडपडत असेल तर लगेच हात घालायचा नाही. जवळ राहायचे, पाहायचे, आणि त्याने विचारले तर एक पायरी दाखवायची.

डहाणूची_बालवाडीताई

मी पालघर जिल्ह्यात अनेक वर्षे बालवाडी चालवली. आजी-आजोबांना सांगण्यासाठी आपल्याकडचाही एक धागा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जात असल्याने शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शिक्षिकाच त्यांच्यामागे कुरणात गेल्या; तीच कुरणशाळा. माँटेसोरी साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया आणि खडे मोजणीला आणि वर्गीकरणाला घेतले. उद्देश आणि परिस्थिती इंग्लंडपेक्षा फार वेगळी होती, हे खरे. इंग्लंडमध्ये मुलांना झाडीपर्यंत न्यावे लागते, तर कोसबाडची मुले रानातच वाढत होती आणि शिक्षणाने त्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते. तरीही मुलाच्या हाताशी असलेली वस्तू हेच त्याचे पहिले पाठ्यसाहित्य, हा विश्वास दोन्हीकडे दिसतो.

लीड्सची_आई

दोघींचे मनापासून आभार. फांदीचे उदाहरण मी आजच घरी सांगितले. दोन शंका उरल्या आहेत. यामागे संशोधनाचा आधार किती आहे? आणि चार वर्षांच्या मुलांच्या हाती करवत किंवा त्यांच्यासमोर विस्तव, हे कितपत सुरक्षित आहे?

पानगळ

मी हाम्बुर्गला असतो. आमचा मुलगा वन-बालवाडीत जातो, म्हणजे रोज सकाळी जंगलातच. फ्लेन्सबुर्ग येथील अशा बालवाडीला 1993 मध्ये शासकीय मान्यता मिळाली आणि त्यानंतर त्या जर्मनीभर पसरल्या. संशोधनाविषयी मी वाचले आहे ते सांगतो. नॉर्वेतील इंगून फ्योर्टॉफ्ट यांच्या 2001 मधील अभ्यासात पाच ते सात वर्षांची मुले सुमारे नऊ महिने रोज एक ते दोन तास जवळच्या वनात खेळली. नेहमीच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत त्यांचा तोल आणि शरीराचा समन्वय अधिक सुधारला. ब्रिटनमधील ओब्रायन आणि मरी यांच्या 2007 मधील अभ्यासात आत्मविश्वास, मिळून काम करणे, भाषा आणि एकाग्रता यांत बदल नोंदवले गेले. पण तो मुख्यतः शिक्षक आणि पालकांच्या निरीक्षणांवर आधारलेला असल्याने तो पुरावा सावधपणे घ्यावा. फिनलंडच्या 2020 मधील प्रयोगात पाळणाघरांच्या अंगणात जंगलातील माती आणि रोपे आणल्यावर सुमारे महिन्याभरात मुलांच्या त्वचेवरील जीवाणूंची विविधता वाढल्याचे आढळले. मात्र तो आरोग्याचा अभ्यास आहे, शिकण्याचा नव्हे.

आठवड्यातील एका दुपारमुळे वाचन लवकर येते असे मी म्हणणार नाही. परंतु जर्मनीत औपचारिक वाचन साधारण सहाव्या वर्षी, शाळेत सुरू होते, हे लक्षात घेतले तर चार वर्षांच्या मुलीचे अडखळणे चिंतेचे वाटू नये. एक सुचवावेसे वाटते: शनिवार-रविवारी तिच्याबरोबर त्याच झाडीत जाऊन मराठीत बोलावे. पाचोळा, शेवाळ, डहाळी, ढोली हे शब्द घराच्या चार भिंतींत सहसा कानावर पडत नाहीत, आणि आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर सांगायला तिच्याजवळ खरी हकीकत राहील.

रानवाट

सुरक्षिततेविषयी: करवत वापरताना एका मुलाबरोबर एक प्रशिक्षित मोठी व्यक्ती असते, आणि ज्या हातात हत्यार नाही त्या हातात मोजा असतो. विस्तवाभोवती ओंडक्यांचे रिंगण असते. मुले परवानगीशिवाय आत येत नाहीत, आणि आली तर एक गुडघा टेकून बसतात, म्हणजे तोल जाऊन पुढे पडत नाहीत. जोराचा वारा असेल तर फांद्या पडण्याच्या भीतीने त्या दिवशीचे जाणे रद्द होते. पावसामुळे सहसा होत नाही. धोका पूर्ण काढून टाकला तर मूल तो ओळखायला शिकत नाही, म्हणून तो जोखून, मुलाला पेलेल एवढाच ठेवतात.

शाळेला हे जरूर विचारा: नेणाऱ्या व्यक्तीकडे लेव्हल थ्रीचे, म्हणजे फॉरेस्ट स्कूल चालवण्याचे प्रशिक्षण आहे का, मुले वर्षभर जाणार आहेत की एकाच सत्रात, आणि तेथे दिसलेल्या गोष्टी वर्गातील वाचन-लेखनात घेतल्या जातात का. तिसरा प्रश्न तुमच्या मूळ शंकेशी सर्वांत जवळचा आहे, कारण मुलांनी सांगितलेली झाडीतली गोष्ट शिक्षिकेने लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तीच वाचायला दिली, तर अडखळणारी मुलेही ती वाचू पाहतात. हिवाळ्यात सुती कपड्यांऐवजी लोकरीचे थर घाला, कारण ओले सूत अंग गार करते. आणि वसंतापासून शरदापर्यंत परतल्यावर गुडघ्यांमागे, काखेत आणि केसांच्या कडेला गोचीड आहे का ते पाहत जा.