वर्गाच्या ग्रुपवरचा छळ: मुलीचा फोन काढून घेणे योग्य आहे का?

सांजवेल (धागाकर्ती):
माझी भाची नववीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून नाचताना तिचा तोंड वेडेवाकडे झालेला एक क्षण कोणीतरी फोनवर टिपला, त्याचे व्हॉट्सॲप स्टिकर बनवले आणि वर्गातल्या मुलांच्या खासगी ग्रुपवर गृहपाठापासून वाढदिवसाच्या शुभेच्छांपर्यंत प्रत्येक निरोपाखाली तेच स्टिकर पडू लागले. ती महिनाभर घरी काही बोलली नाही, कारण सांगितले तर फोन जाईल हे तिला ठाऊक होते, आणि झालेही तसेच. तिच्या वडिलांनी फोन कपाटात ठेवून कुलूप लावले. स्टिकर बनवणाऱ्याचा फोन मात्र त्याच्याच खिशात आहे. ज्याला त्रास होतो त्याच्याच हातातली वस्तू काढून घेण्याच्या आपल्या या सवयीमुळे मुले बोलेनाशी होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंबरठा:
ताई, त्या वडिलांच्या जागी मी असतो तर हेच केले असते. आमच्या वेळी चिडवणे शाळा सुटली की संपत असे; आता ते मुलांच्या उशाशी येऊन झोपते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे आणि कसूर करणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला आहे, तो काही उगाच नव्हे. आपल्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे तर संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पडला. गाव एकत्र येऊन हे करू शकते, तर एका घराने का करू नये?

सांजवेल:
ऑस्ट्रेलियाच्या त्या बंदीतून व्हॉट्सॲपसारख्या निरोपांच्या सेवा वगळल्या आहेत, म्हणजे माझ्या भाचीचा छळ तिथेही बिनबोभाट चालू राहिला असता. आणि वडगावचा भोंगा अख्ख्या गावासाठी वाजतो. आमच्या घरी तो फक्त तिच्यासाठी वाजला.

कलमदान:
वकिली करत असल्यामुळे थोडी कोरडी माहिती देतो. ऑनलाइन त्रासदायक निरोप पाठवणे हा गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले आणि ते योग्यच झाले, कारण त्याची भाषा इतकी सैल होती की कोणालाही त्यात गोवता येत असे. पण त्यामुळे एखाद्याला केवळ त्रास देणारा निरोप हा आपोआप गुन्हा ठरत नाही. खासगी अवयवांचे छायाचित्र, अल्पवयीन मुलांचे अश्लील चित्रण, पाठलाग यांसाठी कलमे आहेत. नाचणाऱ्या मुलीचे स्टिकर त्यांपैकी कशातही नीट बसत नाही. शिवाय करणारा १८ वर्षांखालचा असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि ते तसेच जावे.

फोन कुलपात ठेवण्याला माझा विरोध आहे, तो मात्र भावनेपोटी नव्हे. पुरावा त्याच फोनमध्ये असतो. ‘सर्वांसाठी डिलीट’ दाबायला एक क्षण पुरतो, म्हणून आधी क्रमांक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. चित्र अश्लील असेल किंवा धमकी असेल, तर १०९८ या बालसहाय्य क्रमांकावर त्याच दिवशी बोलावे.

खडूफळा:
मी माध्यमिक शाळेत शिकवते. सगळेजण दोनच मुलांबद्दल बोलत आहेत, हे मला खटकते. माझ्या वर्गात असाच प्रकार झाला, तेव्हा ग्रुपवर ४१ मुले होती. स्टिकर एकाने बनवले, चार-पाच जणांनी वापरले, आणि उरलेल्या पस्तीस जणांनी नुसते पाहिले. ‘तू काय केलेस?’ हा प्रश्न मी त्या पस्तीस जणांना एकेकट्याला विचारला, तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच होते: ‘बाई, बोललो असतो तर पुढचे स्टिकर माझे झाले असते.’ फिनलंडच्या तुर्कु विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ कार्यक्रम याच बघ्यांवर काम करतो. तो तिथल्या शाळांत २००९ पासून देशभर सुरू झाला. आपल्याकडे तो जसाच्या तसा चालेल असे नाही, कारण साठ मुलांच्या वर्गात एकेकाशी बोलायला तास कुठून आणायचा?

उंबरठा:
बाई, आपले म्हणणे मोलाचे आहे, पण मुले हे कोणाकडून शिकतात? २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरील केसांची थट्टा करणाऱ्यांत मोठी माणसेही होती. म्हणून फोन लांब ठेवण्याच्या मतावर मी ठाम आहे. कुलपाचे मात्र मागे घेतो. आजपासून आमच्या घरी रात्री ९ नंतर सगळे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लागतील, माझाही. मुलाने तो दोनदा तपासून घ्यायची अट घातली आहे.