टीका, परीक्षण, समीक्षा की पाठराखण?

विचारणा: एका नव्या कादंबरीवर लिहिलंय. पहिली काही प्रकरणं आवडली, पुढची सैल वाटली, तसं सरळ लिहिलं. वर 'टीका' असं घातलं, तर ओळखीचे लगेच म्हणाले, "लेखकाने तुझं काय घोडं मारलंय?" 'टीका' मुळातच वाईट शब्द आहे का? 'परीक्षण' करू की 'समीक्षा'?

प्रतिसाद: मुळात मुळीच वाईट नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस काय म्हटलंय? "शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें." माउलींनी गीतेला नावं ठेवली, असं कोणी म्हणेल का? मल्लिनाथाने कालिदासावर लिहिली तीही टीकाच. ग्रंथ उलगडून दाखवणं एवढाच अर्थ. पुढे 'विरोधकांचे टीकास्त्र' छापाच्या मथळ्यांनी शब्द पार नासवला. भालचंद्र नेमाड्यांच्या १९९० च्या 'टीकास्वयंवर' या समीक्षेच्या पुस्तकात मात्र तो ताठ मानेने उभा आहे. आता गंमत बघा. खांडेकरी वळणाच्या कादंबरीवर नेमाड्यांनी कठोर लिहिलं, आणि ज्ञानपीठ १९७४ चं खांडेकरांना, २०१४ चं नेमाड्यांना! परखड लिहिलं म्हणून खांडेकरांच्या 'ययाति'चे वाचक काही पळाले नाहीत.

प्रतिसाद: वापराचं सांगतो. वर्तमानपत्रात 'परीक्षण', विद्यापीठात 'समीक्षा'. दोन्हींत 'ईक्ष्' म्हणजे पाहणं आहेच, पण 'परीक्षण' म्हटलं की मला आधी लेखापरीक्षण आठवतं. हिशेब तपासा, खोट दाखवा, शिक्का मारा! तुमच्या लेखाला तेच शोभेल. हल्ली मात्र जो तो 'पुस्तक परिचय' लिहितो. परिचयात वाईट बोलायचं नसतं, ही त्यातली सोय. त्याहून प्रामाणिक जुनं 'साभार पोच' हे सदर. पुस्तक मिळालं, आभार, विषय संपला.

प्रतिसाद: 'पाठराखण' कशी विसरलात? मलपृष्ठावर नामवंताचा गौरवाचा मजकूर असतो ना, त्याला हल्ली सर्रास पाठराखण म्हणतात, विशेषतः कवितासंग्रहांत. नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. ती नवरीचे दोष सासूला सांगायला थोडीच जाते! आत प्रस्तावना एकाची, मागे पाठराखण दुसऱ्याची, पुढच्या पुस्तकात दोघांची अदलाबदल. अहो रूपम् अहो ध्वनिः. नावं अशी मोठी होतात आणि मग आपण 'परीक्षण' वाचतो तेव्हा त्यात मलपृष्ठावरचीच वाक्यं सापडतात. याउलट इतिहासकार वि. का. राजवाड्यांचा १९०२ चा 'कादंबरी' हा निबंध काढून वाचा. मराठी कादंबरी युरोपातल्या थोरामोठ्यांच्या शेजारी उभी करून मापली आहे, कुणाची भीडभाड नाही.

विचारणा: म्हणजे 'परीक्षण'च ठेवते. 'समीक्षण' चालेल का?

प्रतिसाद: चालतं, पण कशाला? 'परीक्षण' ठेवा. आणि सैल प्रकरणं कुठली, ते क्रमांकासह लिहा.