सीए सरांचं मानपत्र लिहायचंय: पदांची यादी तयार आहे, माणूस सापडत नाहीये

तेरीज:
मंडळी, मदत हवी आहे. ज्यांच्याकडे मी आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) केली ते सर आता प्रॅक्टिस थांबवताहेत. सीएंच्या संस्थेच्या इथल्या शाखेतर्फे सत्कार ठेवलाय आणि मानपत्राचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पदं भरपूर आहेत. शाखेच्या मॅनेजिंग कमिटीत खजिनदार, सचिव, मग चेअरमन. गावच्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचे कोषाध्यक्ष. मुलींच्या वसतिगृहाचे विश्वस्त. व्यापारी संघात तर कायमचेच. पहिला मसुदा लिहून वाचला तर थेट शोकसभेतलं भाषण वाटलं! ‘सामाजिक बांधिलकी’ तीनदा, ‘निःस्पृह’ दोनदा. सरांच्या हाती तो कागद पडला तर प्रत्येक विशेषणाभोवती गोल करून शेजारी "आधार?" लिहितील.

माणूस कसा ते सांगते. व्हाउचर तपासताना ते बिल आधी उलटं करायचे. पुढची बाजू सगळेच बघतात, म्हणायचे. मागे पेन्सिलीने जो हिशेब केलेला असतो तो दुकानदाराचा खरा हिशेब. आम्हा आर्टिकल्सना शिव्या कधी दिल्या नाहीत, फक्त फाइल परत यायची, आत कोरा कागद लावून. कोरा कागद म्हणजे वर्किंग पेपर, तपासणीच्या नोंदींचा कागद, कुठाय?

हे मानपत्रात कसं आणायचं? आणि आणावं का?

जुनी_खतावणी:
ताई, बिल उलटं करणं आणाच. बाकी यादीतल्या प्रत्येक पदाला एकच प्रश्न विचारा, हे गृहस्थ तिथे नसते तर काय अडलं असतं? शाखेचं चेअरमनपद वर्षभराचं. निम्मं वर्ष सेमिनारला वक्ते गाठण्यात, हॉल बुक करण्यात आणि सीपीईच्या (सीएंच्या सक्तीच्या चालू शिक्षणाच्या) हजेरीत जातं. दिवा लावताना फोटो सगळ्यांचेच निघतात. त्या वर्षातलं पुढे टिकलं काय, ते शोधा.

दुसरं, सर ग्रंथालयाचे कोषाध्यक्ष होते ना? मग ग्रंथालयाचं ऑडिट कोण करायचं?

तेरीज:
बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. सर करत नसत. कमिटीतले म्हणायचे, घरचा सीए असताना बाहेरच्याला फी कशाला? सरांचं उत्तर ठरलेलं: "मी लिहिलेली वही मीच तपासली तर ते ऑडिट नव्हे, शुद्धलेखन." शेजारच्या तालुक्यातल्या एका तरुण सीएकडे काम दिलं, आणि त्याने काढलेल्या शंकांना कोषाध्यक्ष म्हणून लेखी उत्तरं दिली. सरकारी अनुदानासाठी ऑडिट झालेले हिशेब लागतातच, त्यामुळे काम दरवर्षी वेळेत व्हायचं.

चेअरमन असतानाचं टिकलेलं काम म्हणजे शाखेची अभ्यासिका. मी स्वतः फायनलचा अभ्यास तिथेच केला. घरात जागा नसलेली मुलं रात्री अकरापर्यंत बसायची, किल्ली विद्यार्थ्यांकडेच असायची. कमिटीत त्यावरून बराच वाद झाला होता म्हणे.

पसंतीक्रम:
थोडं कडू बोलतो. आपल्या व्यवसायात जाहिरातीवर पहिल्यापासून बंधनं. त्यामुळे ओळखी वाढवायला अनेक जण संस्थांमध्ये शिरतात आणि त्याला समाजसेवा म्हणतात. व्यापारी संघातले किती सभासद पुढे सरांचे क्लायंट झाले, हेही बघा. आणि एवढं नेतृत्व होतं तर रिजनल कौन्सिलला (संस्थेच्या विभागीय मंडळाला) का उभे राहिले नाहीत?

जुनी_खतावणी:
पसंतीक्रमराव, पहिला मुद्दा रास्त आहे, दुसरा नाही. आपल्या वेस्टर्न रीजनमध्ये महाराष्ट्र, गुजरात, गोवा सगळं येतं. मतदान पसंतीक्रमाने, मतं एका उमेदवाराकडून पुढच्या पसंतीकडे संक्रमित होतात, आणि मतदारांचा गठ्ठा मुंबई, पुणे, अहमदाबादकडे. लहान शाखेच्या माणसाला वर्षभर गाडीतच बसावं लागतं. सेंट्रल कौन्सिल, म्हणजे देशपातळीचं मंडळ, तर त्याहून लांब, निवडून येणारे जास्तीत जास्त ३२, सरकारने नेमलेले ८ पर्यंत. शिवाय मुदत आता ३ ऐवजी ४ वर्षांची झाली आहे. एकट्याची प्रॅक्टिस असलेल्याने तिकडे न जाणं हा शहाणपणाही असू शकतो.

नेतृत्व म्हणजे वरची पायरी असंच धरलं तर आर. शिवभोगम यांच्याबद्दल फक्त ‘सदर्न रिजनल कौन्सिलच्या अध्यक्षा, १९५५ ते ५८’ एवढंच उरेल. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या बाईने १९३३ साली अकाउंटन्सीची परीक्षा पास केली, आणि तेव्हा देशात दुसरी बाई या धंद्यात नव्हती, ही गोष्ट त्या ओळीत कुठे दिसते?

तेरीज:
व्यापारी संघाबद्दल: हो, काही क्लायंट झाले. लपवण्यासारखं काही नाही. पण १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हा सर रात्री दुकानं बंद झाल्यावर संघाच्या हॉलमध्ये फळ्यावर खरेदी-विक्रीची उदाहरणं सोडवायचे, समोर दुसऱ्या सीएंचे क्लायंटही असायचे. कुणी फाइल घेऊन आलं की म्हणायचे, तुमच्या सीएला विचारा, मी फक्त कायदा सांगतोय. जीएसटीला पुन्हा तेच. तो नेमका १ जुलै २०१७ ला लागू झाला, सीए डेच्या दिवशी. शाखेचा केक तसाच राहिला आणि सगळे पोर्टलपुढे.

ग्रंथालय आणि वसतिगृहाकडून मात्र फी कधीच नाही. मी लेजर स्वतः पाहिलंय.

धर्मादाय_फेरी:
वसतिगृहाचं काम कुणी विचारलंच नाही! मी ट्रस्टची कामं करतो, म्हणून विचारतो. चेंज रिपोर्ट वेळेत व्हायचे का? विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. निम्म्या संस्थांमध्ये परिशिष्ट एकवर (ट्रस्टच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) वारलेल्या माणसांचीच नावं असतात. मग एक दिवस बँक ताजा उतारा मागते आणि खातं अडकतं.

तेरीज:
दादा, अगदी हेच झालं होतं. सर विश्वस्त झाले तेव्हा उताऱ्यावरचे दोघे जण हयात नव्हते आणि सह्यांचा अधिकार त्यांच्यातल्याच एकाचा. मुलींच्या खानावळीचं बिल भागवायला सचिव स्वतःच्या खिशातून पैसे घालत होते. सरांनी जुनी इतिवृत्तं जमवली, मृत्यूचे दाखले काढले, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं घेतली, विलंबमाफीचा अर्ज जोडला. मी आर्टिकल म्हणून पिशवी घेऊन मागे. तारीख पडली की सर धर्मादाय कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून दुसऱ्या क्लायंटचं बँक रिकन्सिलिएशन करायचे. हुकूम झाला त्या दिवशी वसतिगृहात कुणाला काही कळलंही नाही, कारण जेवण रोजच्यासारखंच मिळालं.

धर्मादाय_फेरी:
मग दुसरं काय शोधताय? हेच मधोमध घाला.

पसंतीक्रम:
मानलं. फी न घेतल्याची ओळ नक्की ठेवा. कोषाध्यक्ष असून ऑडिट नाकारल्याची त्याच्या आधी.

तेरीज:
ठरलं. वसतिगृह, ऑडिट, अभ्यासिका, फळा, या क्रमाने. पदं शेवटी एका ओळीत. सरांना आधी दाखवू का?

जुनी_खतावणी:
मजकूर दाखवू नका, खोडून अर्धा करतील. तारखा मात्र गोड बोलून त्यांच्याकडूनच पडताळून घ्या. आणि चेअरमनपदाचं वर्ष एप्रिल ते मार्च धरू नका. शाखेचे पदाधिकारी साधारण फेब्रुवारीच्या सुमारास बदलतात. भर सभेत सर ते दुरुस्त करतील.